गुरुवारी, दुपारी साडेतीन वाजता

प्रोजेक्ट एकदाचा लाइव्ह गेला, मॅनेजरने (कुरकुरत का होईना) सुट्टी दिली आणि मी पाठीवर सॅक टाकून ब्युनोस आयर्सला पोचलो. सात दिवस, हॉस्टेलमधला वरचा बंक आणि सवयीप्रमाणे एक एक्सेल शीट! रविवारी सान तेल्मोचा जुना बाजार, सोमवारी ला बोकातली रंगीत पत्र्याची घरं, मंगळवारी रेकोलेताच्या दफनभूमीत एविता पेरॉनची कबर. गुरुवारच्या रकान्यात लिहिलं होतं: 'प्लासा दे मायो - ३० मिनिटं, फोटो'.

पण बुधवारीच गाडी रुळावरून घसरली. त्या दिवशी मी 'एस्मा' बघायला गेलो. ही नौदलाची तांत्रिक शाळा. २४ मार्च १९७६ ला लष्कराने सत्ता बळकावली आणि पकडून आणलेल्यांना इथे कोंडायला सुरुवात झाली. विद्यार्थी, कामगार पुढारी, पत्रकार... इथे सुमारे ५००० माणसं आणली गेली, त्यातली बहुतेक परत आली नाहीत. अधिकारी मधल्या मजल्यांवर राहायचे, आणि त्यांच्या डोक्यावर माळ्यात कैदी, तोंडावर बुरखे घालून. १९७८ च्या वर्ल्ड कपची फायनल इथून जवळच्याच स्टेडियमवर झाली. अर्जेंटिनाने हॉलंडला ३-१ हरवलं, तो जल्लोष कैद्यांना आत ऐकू येत होता म्हणे. आता तिथे म्युझियम आहे आणि २०२३ पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतही आहे.

अशा माणसांना तिथे 'देसापारेसिदोस' म्हणतात, म्हणजे 'नाहीसे झालेले'. ना अटकेची नोंद, ना प्रेत. लोकशाही आल्यावर नेमलेल्या आयोगाने १९८४ साली ८९६१ जणांची नोंद केली, मानवी हक्कवाल्या संघटना ३०,००० म्हणतात.

मग गुरुवारी मी अर्धा तास आधीच चौकात जाऊन बसलो.

तर मंडळी, गोष्ट अशी. ३० एप्रिल १९७७ ला चौदा बायका या चौकात जमल्या. पोलीस ठाणी, बराकी, चर्च, सगळीकडे खेटे घालून झाले होते. प्रश्न एकच : आमची मुलं कुठायत? नेमका शनिवार होता, चौकात चिटपाखरू नाही! नंतर वार ठरला गुरुवार. जमावबंदी असल्यामुळे पोलिसांनी दरडावलं, "उभं राहायचं नाही, चालत राहा." बायका म्हणाल्या, बरं! आणि दोघी-दोघी हातात हात घालून चौकातल्या स्मारकाभोवती चालायला लागल्या. नियम तंतोतंत पाळून नियमाचाच बोऱ्या वाजवला. आयुष्यभर कोडमध्ये वर्कअराउंड शोधले, पण असा नाही पाहिला.

ओळख म्हणून डोक्याला पांढरा कपडा बांधला. पहिल्यांदा तो कसला होता माहितीये? बाळाच्या लंगोटाचा.

त्यांना एकत्र आणणारी आसुसेना वियाफ्लोर. 'माझाही भाऊ नाहीसा झालाय' असं सांगत आल्फ्रेदो आस्तिस नावाचा एक तरुण त्यांच्यात मिसळला. तो निघाला नौदलाचा अधिकारी! १० डिसेंबर १९७७ ला आसुसेनालाच उचललं. तिला विमानातून समुद्रात फेकलं. किनाऱ्याला लागलेलं प्रेत बेनावी पुरलं गेलं, ते तिचंच हे सिद्ध व्हायला २००५ साल उजाडलं. तिच्या अस्थी आता त्याच स्मारकाच्या पायथ्याशी आहेत. आस्तिसला २०११ मध्ये जन्मठेप झाली.

आणि कैदेत जन्मलेली बाळं? ती परस्पर दुसऱ्यांच्या घरी दिली. त्यांच्या आज्यांनी शास्त्रज्ञांना गाठून विचारलं, आईबाप नसताना आजी-आजोबांच्या रक्तावरून नातू ओळखता येईल का? आलं! १९८७ मध्ये त्यासाठी राष्ट्रीय जनुक पेढी उभी राहिली आणि आजवर १३० पेक्षा जास्त नातवंडं सापडली. काहींना चाळिशीत कळलं की आपलं खरं नाव वेगळंच आहे.

साडेतीन वाजले. काही म्हाताऱ्या आल्या, एक व्हीलचेअरवर. बरोबर तरुण मुलं, हातात जुने ब्लॅक अँड व्हाइट फोटो. मी मधे उभा राहून कॅमेरा सरसावला, तर एका आजींनी हातानेच खूण केली : उभा काय राहतोस, चल! कॅमेरा सॅकमध्ये गेला. मी चाललो. एकेक नाव पुकारलं जात होतं आणि सगळे मिळून म्हणत होते, "प्रेसेंते!" म्हणजे 'हजर'. दुसऱ्या-तिसऱ्या नावानंतर मीही म्हणायला लागलो.

आईचे 'पोचलास का? जेवलास का?' असे मेसेज दोन दिवस तसेच पडले होते. नेहमीचंच आहे म्हणून उत्तर दिलं नव्हतं. चार वाजता तिथूनच फोन लावला. भारतात रात्रीचे साडेबारा. एका रिंगमध्ये उचलला.

"झोपली नव्हतीस?"

"झोपणारच होते," आई म्हणाली. "कुठायस?"

असो. शुक्रवार-शनिवारी काय पाहिलं ते पुढच्या वीकेंडला.