विजेचा उपचार आणि रुग्णाचा होकार

आमच्या सोलापूरच्या भवानी पेठेत वीज म्हटली की प्रथम यंत्रमाग आठवतो. हीच वीज औषध म्हणूनही वापरली जाते. हृदयाला विजेचे सूक्ष्म ठोके देणारा पेसमेकर घरातील वडीलधाऱ्यांना बसविला, तर कुटुंबीय ते चारचौघांत सांगतात. त्याच घरातील मुलीला तीव्र नैराश्यासाठी 'शॉक' द्यावे लागले, तर मात्र शेजाऱ्यालाही कळू देत नाहीत. 'येरवड्याला पाठवा' हे शब्द तर आपल्याकडे थट्टेचेच होऊन बसले आहेत. एका उपचाराचे कौतुक आणि दुसऱ्याची लाज, असे का व्हावे? उत्तरासाठी इतिहासाकडे वळले पाहिजे.

बोलोन्या येथील शरीरशास्त्राचे प्राध्यापक लुईजी गाल्वानी हे या विद्येचे आद्यपुरुष. मृत बेडकाचा पाय विजेने आखडतो, हे त्यांनी अनेक प्रयोगांनी दाखविले आणि 1791 साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. गाल्वानी हे संत फ्रान्सिसच्या तिसऱ्या संघाचे सदस्य होते. नेपोलियनच्या छायेखाली स्थापन झालेल्या नव्या प्रजासत्ताकाशी निष्ठेची शपथ घेण्यास त्यांनी 1798 साली नकार दिला, कारण ती शपथ त्यांच्या विवेकाला पटत नव्हती. प्राध्यापकपद गेले; त्याच वर्षी त्यांचे निधनही झाले. मनुष्याच्या इच्छेवर बळजबरी चालू नये, हा धडा या विद्येच्या जनकाने आपल्या आचरणाने घालून दिला होता.

पुढे तो विसरला गेला. गाल्वानींचे भाचे जोव्हान्नी आल्दिनी यांनी 1801 च्या सुमारास खिन्नतेने ग्रासलेल्या एका शेतकऱ्याच्या डोक्यावर विजेचा प्रयोग केला व त्याला गुण आला. विजेचा परिणाम त्यांनी स्वतःच्या डोक्यावरही अनुभवला होता, हे त्यांना भूषणावह होय. परंतु 1803 साली लंडनमध्ये फाशी दिलेल्या कैद्याचे प्रेत त्यांनी प्रेक्षकांसमोर विजेने हलवून दाखविले, तेव्हा विद्येचा तमाशा झाला.

आजच्या 'शॉक'चा जन्म एप्रिल 1938 मध्ये रोम येथे झाला. उगो सेर्लेत्ती आणि लुचो बिनी यांनी मेंदूतून क्षणभर वीज सोडून झटका आणण्याची पद्धत काढली. पहिला रुग्ण रेल्वे स्थानकावर भरकटलेल्या अवस्थेत सापडलेला एक अनोळखी मनुष्य होता. दुसरा झटका नको, असे तो म्हणाल्याची नोंद स्वतः सेर्लेत्तींनीच केली आहे. तरीही तो देण्यात आला. रुग्ण सुधारला, हे खरे. पण त्याचा नकार मानला गेला नाही, हेही तितकेच खरे. भूल न देता आलेल्या त्या झटक्यांनी कित्येकांच्या मणक्यांची हाडे मोडली. लोकांच्या मनातील भीती उगाच आलेली नाही.

या संदर्भात पोप पायस बारावे यांची दोन भाषणे आम्हाला महत्त्वाची वाटतात. सप्टेंबर 1952 मध्ये त्यांनी डॉक्टरांना बजावले, की रुग्णाने दिला असेल तेवढाच अधिकार डॉक्टरला असतो. फेब्रुवारी 1957 मध्ये, भूल देऊन वेदना टाळणे ख्रिस्ती नीतीशी सुसंगत आहे, असेही त्यांनी स्पष्ट केले.

आपल्या देशात मात्र भूल न देता शॉक देण्याची प्रथा पुढेही दीर्घकाळ चालू राहिली. 'सार्थक' या संस्थेने 2001 साली त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. पुण्याच्या बापू ट्रस्टच्या भार्गवी दावर यांनीही या प्रथेविरुद्ध सातत्याने आवाज उठविला. अखेर 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने, जो 29 मे 2018 पासून अमलात आला, भूल व स्नायू शिथिल करणारे औषध दिल्याशिवाय हा उपचार करण्यास बंदी घातली. अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती आणि मंडळाची पूर्वपरवानगी आवश्यक ठरली. तातडीचा उपाय म्हणूनही तो परस्पर देता येत नाही.

आज रुग्ण भुलेखाली निजलेला असतो. झटका बहुधा मिनिटभरात संपतो. आठवड्यातून दोन-तीन वेळा, असे साधारण सहा ते बारा उपचार होतात. डोकेदुखी, विस्मरण हे त्रास संभवतात. काही आठवणी कायमच्याही पुसल्या जातात, म्हणून डॉक्टरांना निःसंकोच विचारावे. मात्र अन्नपाणी सोडलेल्या, जीव देण्याच्या विचाराने घेरलेल्या रुग्णाला हा उपचार जीवदान ठरू शकतो. केवळ लोकलज्जेस्तव तो नाकारणे हीदेखील एक बळजबरीच होय. प्रथम सल्ला हवा असेल, तर 14416 या शासकीय 'टेली मानस' क्रमांकावर विनामूल्य मिळतो.

यरीहोच्या वाटेवर आंधळ्या बार्तीमयाला काय हवे होते, हे प्रभूला ठाऊक नव्हते काय? तरीही त्याला दृष्टी देण्यापूर्वी प्रभूने त्याची इच्छा विचारली. आपल्या घरातील रुग्णालाही आपण तेवढे तरी विचारू या.