गावाच्या वायफाय नेटवर्कसाठी बॉक्स कसा निवडायचा? धातू की प्लास्टिक, आयपी ६५ की ६७?

गावात, वाडीवर किंवा सोसायटीत सगळ्यांनी वर्गणी काढून वायफाय नेटवर्क उभं करायचं ठरलं, की चर्चा राऊटर, अँटेना आणि स्पीडवर होते. हे सगळं सामान ज्या बॉक्समध्ये बसणार, तो मात्र शेवटच्या दिवशी इलेक्ट्रिकच्या दुकानात जो मिळेल तो उचलला जातो. मी स्वतः सॉफ्टवेअरवाला आहे. तरीही सांगतो, नेटवर्क बंद पडलं की सेटिंगमध्ये तासभर डोकं घालण्याआधी बॉक्स उघडून बघावा. पाणी, मुंग्या नाहीतर तापलेला अडॅप्टर, कारण बरेचदा तिथेच असतं.

अशा नेटवर्कला कम्युनिटी नेटवर्क म्हणतात. स्पेनमधल्या कॅटालोनियात २००४ मध्ये सुरू झालेलं गुईफी डॉट नेट हे त्याचं मोठं उदाहरण. आपल्याकडे २००५ मध्ये धरमशाला इथे डोंगराळ भागात असं नेटवर्क उभं राहिलं. तिथे पाऊस आणि विजांसोबत अँटेनाला लटकणाऱ्या माकडांचाही विचार करावा लागला! पालघर जिल्ह्यातल्या गावांमध्ये आयआयटी मुंबईच्या ग्राममार्ग प्रकल्पानेही वायरलेस जोडणीचं काम केलं आहे.

या नेटवर्कमध्ये एक नोड पुढच्या नोडला सिग्नल देतो. टाकीवरचा एक बॉक्स भिजला, तर त्याच्यापुढची सगळी घरं ऑफलाइन जातात. कुणाचा ऑनलाइन फॉर्म राहतो, कुणाचं पेमेंट अडकतं. आणि तो दुरुस्त करायला भर जुलैत निसरड्या टाकीवर आपल्यातल्याच कुणाला तरी चढावं लागतं. म्हणून बॉक्सची निवड नीट करायची.

आधी ठरवा, बॉक्स हवाय का?

बाहेर लावण्यासाठीच बनवलेले रेडिओ (दुकानात ज्याला ‘आउटडोअर सीपीई’ म्हणतात) स्वतःच पाणी अडवतात. त्यांना वेगळा बॉक्स लागत नाही. बॉक्स लागतो तो घरगुती राऊटर, स्विच, बॅटरी, सोलर कंट्रोलर यांच्यासाठी.

शक्य असेल तर २३० व्होल्ट वर खांबावर नेऊच नका. पीओई, म्हणजे नेटवर्कच्या केबलमधूनच वीज, ही पद्धत वापरा. पीओई अडॅप्टर खाली घरात राहतो आणि वर फक्त एक केबल जाते. केबलची एकूण लांबी १०० मीटरच्या आत ठेवा.

धातू की प्लास्टिक?

धातूचा बॉक्स रेडिओ लहरी अडवतो. राऊटर अँटेनासकट लोखंडी किंवा ॲल्युमिनियमच्या बॉक्समध्ये बंद केला, तर सिग्नल आतच अडकतो. धातूचा बॉक्स घ्यायचाच असेल तर अँटेना बाहेर हवी, आणि जोडणीच्या जागी वॉटरप्रूफ टेप हवी.

अँटेना आत राहणार असेल तर पॉलीकार्बोनेट, एबीएस किंवा फायबरचा बॉक्स चालतो. विजेच्या मीटरसाठी ज्या एसएमसी पेट्या वापरतात, त्या फायबरच्याच. फक्त त्यात आतून धातूची प्लेट असेल तर अँटेना तिच्या मागे येऊ देऊ नका. साधं एबीएस उन्हात पिवळं पडतं आणि काही वर्षांत ठिसूळ होतं. म्हणून ‘यूव्ही स्टॅबिलाइज्ड’ लिहिलेलं पॉलीकार्बोनेट मी पहिल्या पसंतीला ठेवतो.

आयपी नंबर कसा वाचायचा?

फोनच्या जाहिरातीत ‘आयपी ६८’ वाचलं असेलच. तेच माप इथेही आहे. पहिला आकडा धुळीचा, ६ म्हणजे धूळ पूर्ण बंद. दुसरा आकडा पाण्याचा:

- ४ : कुठूनही उडणारे पाण्याचे शिंतोडे
- ५ : पाण्याची धार
- ६ : जोरदार धार
- ७ : १ मीटरपर्यंत पाण्यात ३० मिनिटं

इथे एक गंमत आहे. ७ हा आकडा ६ पेक्षा मोठा असला तरी आयपी ६७ बॉक्स जोरदार धारेत टिकेलच असं नाही, कारण त्या दोन वेगळ्या चाचण्या आहेत. आपला बॉक्स पाण्यात बुडणार नसतो, त्याच्यावर वाऱ्यासोबत पाऊस मारणार असतो. त्यामुळे आयपी ६५ पुरतो. कोकणात समुद्राकडच्या वाऱ्यात किंवा घाटमाथ्यावर आयपी ६६ बघा.

दोन गोष्टी हा नंबर सांगत नाही. एक, ऊन सोसण्याची ताकद. दुसरी, तुम्ही ड्रिलने पाडलेलं भोक. भोक पाडलं की कंपनीचा नंबर संपला, पुढची जबाबदारी तुमची.

भोकं आणि केबल

- सगळी भोकं बॉक्सच्या तळाला पाडा. वर किंवा बाजूला नको.
- प्रत्येक केबलला स्वतःचा ग्लँड द्या. एका ग्लँडमध्ये दोन केबल कोंबल्या की मधल्या फटीतून पाणी शिरतं.
- नेटवर्क केबलला पीजी ९ ग्लँड घट्ट बसतो. त्यातून प्लग जात नाही. म्हणून आधी केबल ओवायची, प्लग नंतर क्रिंप करायचा. प्लग जावा म्हणून मोठा ग्लँड घेतला तर केबल सैल राहते.
- केबल आत शिरण्याआधी तिला खाली झोल द्या. पाणी झोलावरून टपकून जातं, बॉक्सपर्यंत येत नाही.
- केबल बाहेरच्या वापराचीच घ्या.

पावसाइतकंच ऊनही बघा

बहुतेक घरगुती राऊटर ४० अंश सेल्सिअसपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. विदर्भात उन्हाळ्यात सावलीतच पारा त्याच्या वर जातो. उन्हातल्या बंद बॉक्समध्ये तर आणखी तापतं. म्हणून फिकट रंगाचा आणि सामानापेक्षा मोठा बॉक्स घ्या, खांबाच्या सावलीच्या बाजूला लावा, वर थोडं अंतर सोडून पत्र्याचं छोटं छप्पर द्या. अँटेना आत असेल तर तो पत्रा तिच्या समोर येऊ देऊ नका.

दुपारी बॉक्समधली हवा प्रसरण पावते. संध्याकाळी पाऊस पडून बॉक्स गार झाला की आतला दाब कमी होतो आणि रबरी पट्टीवरचं पाणी आत ओढलं जातं. यावर उपाय म्हणजे तळाला ब्रीदर व्हेंट. तो हवा जाऊ देतो, पाणी अडवतो. सिलिका जेलच्या पुड्या थोडे दिवस काम करतात, मग ओलावा धरून बसतात.

लेड-ॲसिड बॅटरी मात्र हवाबंद बॉक्समध्ये कधीच ठेवू नका. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन वायू निघू शकतो आणि एका ठिणगीने स्फोट होऊ शकतो. तिला वेगळा, हवा खेळती असलेला बॉक्स द्या आणि तिथल्या फटींना बारीक जाळी लावा, म्हणजे पाली आणि मुंग्या आत येणार नाहीत.

आणि हो, कोणताही बॉक्स विजेपासून वाचवत नाही. खांबाला अर्थिंग आणि केबलला सर्ज प्रोटेक्टर वेगळा लागतो. ते काम जाणकार इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

वर चढवण्याआधी दोन चाचण्या

सिग्नलची चाचणी: एका फोनचा हॉटस्पॉट चालू करून तो बॉक्समध्ये ठेवा. दहा पावलांवर दुसऱ्या फोनवर वायफाय ॲनालायझर ॲप उघडा. झाकण उघडं असताना आणि बंद करून, चार-पाच वेळा आकडा बघा. आकडा उणे असतो. उणे ५० चा उणे ५३ झाला, म्हणजे ३ डीबी गेले आणि सिग्नलची ताकद निम्मी झाली. फरक सतत त्याहून जास्त येत असेल, तर अँटेना बाहेर काढा नाहीतर बॉक्स बदला.

पाण्याची चाचणी: सामान न ठेवता, ग्लँडमध्ये केबलचे तुकडे बसवून, आत कोरडा टिश्यू पेपर ठेवा. झाकण लावून पंधरा मिनिटं सगळ्या बाजूंनी पाइपने पाणी मारा. बाहेरून पुसून मग उघडा. कागदाचा एक कोपरा जरी ओला दिसला, तरी पाणी कुठून आलं ते खाली जमिनीवर असतानाच शोधा. ग्लँड घट्ट करा, पट्टी नीट बसवा आणि चाचणी पुन्हा घ्या. कागद कोरडा निघाला की मगच शिडी लावा.