रबर, हवा आणि वैशाखाचे ऊन

वैशाखाचे ऊन तापू लागले, की पंक्चरच्या दुकानात एक सल्ला हमखास ऐकू येतो : "उन्हाळा आहे साहेब, दोन-चार पौंड हवा कमीच ठेवा, नाहीतर टायर फुटेल." सल्ल्यामागे तर्क आहे. हवा तापली की तिचा दाब वाढतो, हे तर आपणच वर्गात शिकवतो. तरीही हा सल्ला चुकीचा आहे, आणि कधीकधी जिवावर बेतणाराही. तो नेमका कुठे चुकतो हे समजून घ्यायचे, तर रबर आणि ऋतू यांच्या जुन्या भांडणापासून सुरुवात करावी लागेल.

१८२३ साली ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉशने कापडाच्या दोन थरांमध्ये रबराचा थर घालून पाणी न शिरणारे कापड तयार केले. त्याचे रेनकोट खपले खरे, पण थंडीत ते पुठ्ठ्यासारखे ताठ होत आणि उन्हात चिकट. अमेरिकेत १८३० च्या दशकात रबरी वस्तूंचे कारखाने धडाक्याने निघाले आणि पुढच्या उन्हाळ्यांनी त्यांचा माल वितळवून टाकला. चार्ल्स गुडइयर या धडपड्या माणसाने सरकारी टपालासाठी रबरी पिशव्या केल्या होत्या. त्याही उष्म्याने विरघळल्या. कर्जापायी तुरुंगाची हवा खाल्लेल्या या माणसाने १८३९ मध्ये गंधक मिसळलेले रबर तापवून पाहिले. असे म्हणतात, की त्याचा एक तुकडा चुकून तापलेल्या शेगडीला लागला आणि वितळण्याऐवजी चामड्यासारखा करपला. शेगडीची गोष्ट खरी असो वा नसो, गंधकासह तापवलेले रबर हिवाळ्यात ताठ आणि उन्हाळ्यात चिकट होत नाही, हे त्याला कळले. इंग्लंडमध्ये थॉमस हॅनकॉकने १८४३ मध्ये याच प्रक्रियेच्या पेटंटसाठी अर्ज केला. व्हल्कन या रोमन अग्निदेवावरून तिला व्हल्कनायझेशन म्हणू लागले. गुडइयर मात्र १८६० मध्ये कर्जबाजारी अवस्थेतच वारला.

गंधक नेमके करते काय? रबराचे रेणू म्हणजे लांबच लांब साखळ्या. कच्च्या रबरात त्या शेवयांसारख्या एकमेकींवरून घसरतात. गंधकाचे अणू दोन साखळ्यांमध्ये पूल बांधतात. मग ताणलेले रबर पुन्हा मूळ जागी येते.

आता हवेकडे वळू. हवा भरलेल्या टायरचे श्रेय आपण डनलॉपला देतो, पण त्याच्या चार दशके आधी, १८४५ साली, रॉबर्ट विल्यम थॉमसन या तेवीस वर्षांच्या स्कॉटिश तरुणाने त्याचे पेटंट घेतले होते. १८४७ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये त्याची चाके घोडागाडीला लावून चालवूनही पाहिली. गाडी हलकी चालत होती. पण तेव्हा सायकल नव्हती, मोटार नव्हती, आणि रबर महाग होते. कल्पना विस्मरणात गेली. १८८७ मध्ये बेलफास्टचे जनावरांचे डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी ती नव्याने शोधली. त्यांनी भरीव रबराचे चाक आणि हवा भरलेले चाक अंगणात घरंगळत सोडून तुलना केली. हवेचे चाक बरेच दूर गेले. (हा प्रयोग शाळेच्या पटांगणात सायकलच्या दोन चाकांवर करता येईल : एकात हवा पुरेशी, एकात निम्मी.) त्यांना १८८८ मध्ये पेटंट मिळाले, आणि थॉमसनच्या जुन्या पेटंटमुळे ते दोनच वर्षांत रद्द ठरले.

निम्म्या हवेचे चाक लवकर का थांबते, यातच आपल्या सल्ल्याचे उत्तर आहे. रबरी चेंडू एक मीटर उंचीवरून सोडला तर तो पुन्हा मीटरभर उसळत नाही. दबताना रबराने घेतलेल्या ऊर्जेचा काही भाग परत येत नाही, त्याची उष्णता होते. टायरचा जमिनीला टेकलेला भाग दर फेऱ्याला असाच दबतो आणि सुटतो. हवा कमी असेल तर टायर अधिक दबतो, त्याच्या बाजू अधिक वाकतात. वेगात हे सेकंदाला दहा-पंधरा वेळा घडते आणि टायर आतून तापत जातो.

याउलट उन्हाने दाब किती वाढतो, याचे गणित करून पाहू. २७ अंश सेल्सिअसला ३० पौंड हवा भरली. वातावरणाचे १४.७ पौंड धरून एकूण दाब ४४.७. टायर ५७ अंशांपर्यंत तापला, म्हणजे ३०० केल्व्हिनचे ३३० झाले, तर दाब एक दशांशाने वाढून मीटर साधारण साडेचौतीस दाखवेल. चांगला टायर याच्या कितीतरी पट दाब सोसतो, आणि ही वाढ गृहीत धरूनच कंपनीने थंड टायरसाठीचा आकडा दिलेला असतो. म्हणून हवा सकाळी, गाडी पळवण्यापूर्वी तपासायची आणि तापलेल्या टायरमधून सोडायची नाही.

याची किंमत अमेरिकेने मोजली आहे. ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोनने सुमारे ६५ लाख टायर परत बोलावले. ते प्रामुख्याने फोर्ड एक्स्प्लोरर गाड्यांवर होते. टायरच्या घडणीत दोष होताच, पण फोर्डने सुचवलेला दाबही अवघा २६ पौंड होता. उष्ण राज्यांत, भरधाव वेगात टायरची वरची पट्टी सुटून येई आणि गाडी उलटे. अडीचशेहून अधिक माणसे गेली. आपल्याकडे डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाल्यावर टायर फुटण्याच्या बातम्या येऊ लागल्या, आणि उन्हाला व काँक्रीटला बोल लावले गेले. ऊन भर घालते यात शंका नाही. पण कमी हवेचा, झिजलेला टायर तासन्‌तास एकाच वेगाने पळवणे हे त्याहून मोठे कारण ठरू शकते, असे मला वाटते.

पावसाळ्यात प्रश्न बदलतो, उत्तर मात्र तेच राहते. धावपट्टीवर साचलेल्या पाण्यात विमानाची चाके का तरंगतात, हे अमेरिकेच्या नासा संस्थेतील वॉल्टर हॉर्न यांनी १९६० च्या दशकात शोधले. त्यांच्या सूत्रानुसार चाक पाण्यावर उचलले जाण्याचा वेग (ताशी मैलांत) म्हणजे टायरमधील दाबाचे वर्गमूळ गुणिले १०.३५. दाब ३० पौंड असेल तर ताशी सुमारे ९१ किलोमीटर, २० असेल तर सुमारे ७४. तरंगणाऱ्या चाकाला ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही निरुपयोगी. नक्षीच्या खाचा पाण्याला वाट देतात म्हणून हा क्षण लांबतो. खाच १.६ मिलिमीटर उरली की मोटारीचा टायर बदलायचा, असा नियम आहे. त्यासाठी मोजपट्टीचीही गरज नाही. खाचेच्या तळाशी आडवे लहान उंचवटे असतात, ते नक्षीच्या पातळीला आले की टायर संपला.

टायरच्या बाजूवर चार आकड्यांचा शिक्काही असतो. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. हा शिक्का स्टेपनीवरही वाचावा (हे नाव वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आले, तिथे १९०४ मध्ये असे जादा चाक बनू लागले). न वापरलेली स्टेपनी दिसते नवी, पण हवेतला ऑक्सिजन तिचे रबर कडक करतच असतो, आणि तिच्यातली हवा तपासायची आठवण सहसा पंक्चर झाल्यावरच होते.