‘माणूस’ कोणाला म्हणावे?

खानदेशात कापूसवेचणीच्या हंगामात मजुरांचा हिशेब होतो, तेव्हा ‘माणसे इतकी, बाया इतक्या’ अशी वाटणी सहज तोंडी येते. वेचणीचे काम बहुतांशी बायांचेच. तरी ‘माणूस’ या नावाखाली त्यांची गणना होत नाही.

मूळ शब्दात हा भेद नाही. संस्कृतातील ‘मनुष्य’, ‘मानुष’ यांच्या कुळातला हा शब्द. मनूचा वंशज तो माणूस. मराठीत ‘तो माणूस’ पुल्लिंगी, तर ‘ती माणसे’ नपुंसकलिंगी. पंक्तीला दोनशे माणसे जेवली, म्हणजे त्यांत बाया-मुले आलीच. परंतु दारातली गृहिणी ‘घरात माणूस नाही’ असे सांगते, तेव्हा ती स्वतःलाच त्या शब्दातून वगळते.

जळगावजवळच्या असोदे गावी 1880 साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांना अक्षरओळख नव्हती. त्यांच्या निधनानंतर, 1952 साली, त्यांची गाणी ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. माणूसपण जन्माने आपोआप लाभत नाही, ते वागणुकीने मिळवावे लागते, हा विचार त्या गाण्यांतून उमटतो. शेतात राबणाऱ्या एका विधवेने माणसाला त्याच्या माणूसपणाचा जाब विचारावा, याहून मोठे उत्तर कोणते?

पवित्र शास्त्राची साक्षही हीच आहे. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातील ‘आदाम’ हा हिब्रू शब्द मानवजातीचा वाचक आहे. देवाच्या प्रतिरूपात नर आणि नारी दोघेही येतात. लॅटिन भाषेत मानवाला ‘होमो’ व पुरुषाला ‘व्हिर’ असे वेगळे शब्द आहेत. पुत्रेश्वर ज्यांच्या तारणासाठी अवतरला, त्यांच्यासाठी लॅटिन श्रद्धासूत्रात ‘होमो’ हाच शब्द योजिला आहे.

कायद्यात पुल्लिंगी शब्द स्त्रियांनाही लागू असतो, असा नियम हिंदुस्थानात 1897 च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टने घालून दिला. योगायोग असा की, त्याच वर्षी जन्मलेल्या हंसा मेहता यांना एवढ्यावर समाधान नव्हते. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगावर भारताच्या प्रतिनिधी असताना, ‘सर्व पुरुष’ असाही अर्थ निघू शकेल अशा इंग्रजी शब्दांना त्यांनी हरकत घेतली. 10 डिसेंबर 1948 रोजी पॅरिस येथे संमत झालेल्या जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात ‘सर्व मानव’ असे शब्द आले.

1976 साली संसदेने समान वेतनाचा कायदा केला. शब्दातली वाटणी मजुरीत उतरते, हे ओळखूनच जणू तो आला. आपल्या धर्मग्रामांतही माणसे मोजताना पंक्तीचा हिशेब धरावा. तेथे कोणी वगळले जात नाही.