लाकडी बैलाचे चरित्र : तान्हा पोळा आणि संग्रहाचा प्रश्न

श्रावणी अमावास्येस रिसोड व त्याच्या आसपासच्या गावांत पोळा भरतो. आदल्या दिवशी बैलांचे खांदे तूप-हळदीने मळले जातात. पोळ्याच्या दिवशी शिंगे रंगवून, त्यांस बेगड लावून व पाठीवर झूल घालून जनावरे तोरणाखाली आणली जातात. झडत्या म्हटल्या जातात. तोरण तुटले की बैल घरोघर पूजेला निघतात. ज्याच्या दावणीला बैल नाही त्याच्या देवघरापुढे मातीची जोडी मांडलेली असते. दुसऱ्या दिवशी, म्हणजे भाद्रपद शुद्ध प्रतिपदेस, विदर्भाच्या अनेक भागांत आणखी एक पोळा भरतो आणि त्यात जिवंत जनावर नसते. चाकांच्या पाटावर उभा केलेला लाकडी बैल दोरीने ओढीत मुले एकत्र जमतात, घरोघर जातात आणि खाऊ किंवा पैसे मिळवितात. नागपूरकडे या प्राप्तीला बोजारा म्हणतात. हाच तान्हा पोळा.

जुनी खेळणी, प्राण्यांच्या प्रतिमा आणि बालपणाची आठवण जागविणाऱ्या वस्तू जमविण्याचा छंद अलीकडे शहरांत वाढला आहे, आणि त्या छंदाच्या कपाटात आता हा लाकडी बैलही जाऊन बसला आहे. तो तेथे गेल्याबद्दल खेद करण्याचे कारण नाही. पण तेथे जाताना त्याच्याबरोबर काय जाते आणि मागे काय राहते, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने विचारावयास हवा.

प्रारंभ शब्दांपासून करणे सोयीचे आहे. 'तान्हा' म्हणजे अंगावर पिणारा. हे विशेषण मुलाला लावतात, वासराला लावतात; सणाला लावल्याचे दुसरे उदाहरण मराठीत सहसा आढळत नाही. मोठा पोळा हा बाप्या माणसांचा व जोत्याच्या बैलांचा. त्याच्या पाठोपाठ येणारा, त्याचे बोट धरून चालणारा तो तान्हा. 'पोळा' या शब्दाची कथा अधिक बोधक आहे. मोल्सवर्थच्या कोशात (दुसरी आवृत्ती, १८५७) 'पोळा' हा बैलांचा सण म्हणून दिलेला आहेच. पण त्याच्या शेजारी 'पोळ' हा स्वतंत्र शब्द आहे आणि त्याचा अर्थ त्रिशूळ-चक्राचा डाग देऊन देवाच्या नावाने मोकळा सोडलेला वळू असा दिला आहे. कामाला न जुंपलेला बैल तो पोळ, आणि बैलाला काम न सांगण्याचा दिवस तो पोळा. दोन्ही शब्दांचे मूळ एकच मानले नाही, तरी अर्थाच्या दृष्टीने त्यांचे सख्य उघड आहे.

'बैल' हा शब्द प्राकृत 'बइल्ल'वरून आलेला, आणि 'वासरू' हा संस्कृत 'वत्सरूप'वरून, 'वच्छरूअ' अशा पायरीने. रिसोडपासून जवळच असलेल्या वाशीमचे प्राचीन नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ती राजधानी. येथील विंध्यशक्ती दुसरा याचा ताम्रपट १९३९ मध्ये सापडला. त्याचा वंशावळीचा भाग संस्कृतात आणि दानाचा व्यवहारी भाग मुख्यतः प्राकृतात आहे. राजशेखराच्या काळी या नगराच्या नावावरून विदर्भाच्या काव्यरीतीला 'वच्छोमी' म्हणत. नगराचे नाव वत्स ऋषीवरून पडले की वत्स नावाच्या राजपुत्रावरून, याविषयी परंपरांत मतभेद आहेत. वासराशी त्याचा संबंध कोणीच जोडलेला नाही, आणि केवळ शब्दसाम्यावरून येथे तो जोडण्याचा मोह आवरलेलाच बरा.

तान्ह्या पोळ्याच्या बैलाला लोक 'खेळणे' म्हणत नाहीत, ही गोष्ट महत्त्वाची आहे. मराठीत 'खेळणे' ही क्रियाही आहे आणि वस्तूही. ज्याच्याशी खेळावयाचे तेच खेळणे. हा बैल मात्र 'बैल'च असतो, किंवा 'नंदी' असतो. वर्षातून एक दिवस तो मुलाच्या हाती येतो, ओढला जातो, क्वचित उलटतो व त्याचे शिंगही मोडते; पण त्याच दिवशी त्याच्या कपाळी कुंकू लागते आणि त्याच्यापुढे नैवेद्य ठेवला जातो. मग तो माळ्यावर जातो. मूर्ती आणि खेळणे यांच्यामधली रेघ येथे पुसट आहे, आणि ती पुसट आहे म्हणूनच तो टिकतो.

अशी पुसट रेघ महाराष्ट्रात फार जुनी दिसते. इनामगाव येथे डेक्कन महाविद्यालयाने १९६८ ते १९८३ या काळात केलेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन घराच्या जमिनीखाली कच्च्या मातीची मस्तकविहीन स्त्रीमूर्ती आणि तिच्याबरोबर मातीचा बैल मिळाला; मूर्ती बैलाच्या पाठीवर बसविता यावी यासाठी छिद्राची योजनाही केलेली होती. एरवी हा बैल कोणीही मुलाचे खेळणे म्हणून बाजूला टाकला असता. दायमाबाद येथे १९७४ मध्ये सापडलेले हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलजोडीचा रथ हे पाहताक्षणी चाकांची खेळणी वाटतात. पण ती भरीव धातूची आहेत आणि चारींचे एकत्रित वजन सुमारे ६० किलो भरते. इतके जड खेळणे कोणते मूल ओढणार? चाक आहे म्हणून खेळणे, हे अनुमान या दोन उदाहरणांनी लंगडे ठरते.

तान्हा पोळा नागपूरकर भोसल्यांच्या दरबाराने, विशेषतः दुसऱ्या रघूजींनी (कारकीर्द १७८८ ते १८१६) सुरू केला, अशी परंपरा आहे. राजघराण्यातील मुलांनाही पोळ्यात भाग घेता यावा म्हणून लाकडी बैल करविले गेले, असे सांगतात. सणाचा थाट आणि मोठ्या लाकडी नंदीची मिरवणूक यांना दरबारी आश्रय मिळाला असणे संभवनीय आहे. मात्र मातीचा बैल पुजण्याची चाल राजाज्ञेची वाट पाहणारी नव्हे. तिचा मालक कुणबी आणि कर्ता कुंभार. दरबाराने दिले असेल ते लाकूड, चाक आणि मिरवणूक.

या परंपरेला भूगोलाचाही काहीसा आधार मिळतो. लाकडी नंद्यांचा सोहळा नागपूर, वर्धा, भंडारा या पूर्वेकडील भागांत अधिक भरभराटीचा आहे. वर्धा जिल्ह्यातील सिंदी (रेल्वे) हे गाव तर मोठमोठ्या लाकडी नंद्यांसाठी प्रसिद्ध आहे. वऱ्हाडात, त्यातही रिसोड-वाशीमच्या बाजूस, मातीच्या जोडीचे प्रस्थ तुलनेने जास्त. १८०३ पूर्वी वऱ्हाडात निजाम व भोसले यांचा दोअमली कारभार होता. त्या वर्षी १७ डिसेंबरला देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेकडील मुलूख भोसल्यांच्या हातून गेला. ज्या कारकीर्दीत हा सण दरबारी थाटाचा झाला असे म्हणतात, तिच्या मध्यावरच रिसोडचा नागपूरच्या दरबाराशी असलेला धागा तुटला. केवळ यामुळेच हा फरक पडला असे म्हणणे धाडसाचे होईल. पण सण हे सुद्धा सत्तेच्या वाटांनी प्रवास करतात हे विसरता येत नाही. पुढे हा मुलूख १८५३ मध्ये इंग्रजांच्या व्यवस्थेखाली गेला. वाशीमचा जुना जिल्हा १९०५ मध्ये मोडला आणि रिसोड अकोल्यात गेले. १ जुलै १९९८ रोजी वाशीम जिल्हा पुन्हा झाला, तेव्हा ते परत आले.

आता टिकण्याचा प्रश्न. माती, पितळ आणि लाकूड या तीन द्रव्यांची नियती निरनिराळी आहे. मातीची जोडी दरवर्षी नवी येते आणि पूजेनंतर पाण्यात जाते. तिचे आयुष्य एका सणाचे, आणि तिचे टिकणे हे कुंभाराच्या हातातील सवयीचे टिकणे होय. पितळेचे हत्ती-घोडे वजनावर विकले जातात. घरात अडचण आली की ती भांड्यांबरोबर मोडीत निघतात. 'मोडीत काढणे' हा वाक्प्रचार आपण आज सैलपणे वापरतो, पण त्याच्यामागे कासाराच्या दुकानातला तराजू आहे. लाकडाला मोड नाही. लाकडी बैलाला घराबाहेर किंमत नव्हती, म्हणून तो विकला गेला नाही. आणि घरात त्याची पूजा होती, म्हणून तो चुलीत गेला नाही. वाळवी आणि पावसाचे पाणी यांतून जे वाचले ते पिढ्यान्‌पिढ्या माळ्यावर राहिले. संग्राहकाचा हात लागण्यापूर्वीचा हा संग्रह होता, आणि त्याची नोंदवही घरातल्या म्हातारीच्या तोंडी होती : हा कोणी घडविला, कोणाच्या बारशाच्या वर्षी आला, याचे शिंग कोणी मोडले.

अशा तोंडी नोंदीचे मोल पैशात किती होते, हे पाहण्यासाठी थोडे दूर जावे लागेल. १९०२ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी मिसिसिपीतील शिकारीत बांधून ठेवलेल्या अस्वलावर गोळी झाडण्यास नकार दिला. क्लिफर्ड बेरिमन याने त्यावर व्यंगचित्र काढले आणि ब्रुकलिनमधील मॉरिस मिक्टम या दुकानदाराने 'टेडीचे अस्वल' विकावयास ठेवले. त्याच सुमारास जर्मनीतील गिंगेन येथील श्टाइफ कारखान्याने हलत्या हातापायांचे अस्वल तयार केले, आणि १९०४ पासून त्याच्या कानात धातूची गुंडी बसविण्यास आरंभ केला. ती गुंडी म्हणजे कर्त्याची सही. ९० वर्षांनी, १९९४ मध्ये, याच कारखान्याचे १९०४ च्या सुमाराचे एक अस्वल लंडनमधील क्रिस्टीज येथील लिलावात १ लाख १० हजार पौंडांस गेले. त्या काळची श्टाइफची इतर अस्वलेही उपलब्ध होती. या एकाला एवढी किंमत आली, कारण ते कर्नल बॉब हेंडरसन यांच्याजवळ त्यांच्या बालपणापासून होते आणि त्याची सगळी हकीकत ज्ञात होती. विकले गेले ते चरित्र.

नावांच्या इतिहासातही येथे साम्य आहे. एका माणसाच्या लाडक्या नावावरून 'टेडी' हे जगभरच्या कापडी अस्वलांचे सामान्यनाम झाले. आपल्याकडे शिवाच्या एका वाहनाचे विशेषनाम 'नंदी' हे प्रथम देवळापुढील दगडी बैलांना, मग दारोदार फिरणाऱ्या नंदीबैलाला आणि अखेरीस मुलाच्या दोरीच्या टोकाच्या लाकडी बैलाला लागले. फरक इतकाच की टेडीला कानात गुंडी मिळाली, नंदीला मिळाली नाही. गावच्या सुताराने सही केली नाही, कारण तो कोणाचा हात आहे हे सगळ्या गावाला ठाऊक होते. गाव सुटले की ती सही पुसली जाते.

महाराष्ट्रात घरगुती वस्तूंचा असा संग्रह करणाऱ्यांत दिनकर गंगाधर केळकर (१८९६ ते १९९०) यांचे नाव अग्रभागी आहे. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या या गृहस्थांनी दिवे, अडकित्ते, वाद्ये, खेळणी अशा वस्तू जुन्या वाड्यांतून आणि बाजारांतून जमविल्या. बालपणीच वारलेल्या राजा या मुलाच्या नावाने त्यांनी पुण्यात संग्रहालय उभारले. पुढे तो २० हजारांच्या घरातील संग्रह १९७५ मध्ये शासनाच्या स्वाधीन झाला. दिवंगत मुलाच्या नावाच्या वास्तूत दुसऱ्यांच्या मुलांची खेळणी जपली जावीत, ही गोष्ट साधी नाही. केळकरांनी तेव्हा उचलले नसते तर त्यातले पुष्कळसे मोडीत किंवा चुलीत गेले असते. त्यामुळे संग्राहकाला घरफोड्याच्या पंक्तीस बसविणे अन्यायाचे आहे.

तथापि परिस्थिती आता निराळी आहे. २०१२ च्या पशुगणनेत भारतातील गोवंशीय नरांची संख्या सुमारे ६ कोटी ७९ लाख होती. २०१९ मध्ये ती सुमारे ४ कोटी ७४ लाखांवर आली. ज्या शेतात ट्रॅक्टर आला तेथील गोठ्यातून बैल गेला, आणि मोठ्या पोळ्याच्या तोरणाखालची रांग आखूड झाली. ज्याची प्रतिकृती म्हणून लाकडी बैल जन्मला, ते मूळच विरळ होत असता प्रतिकृतीला बाजारभाव येऊ लागला आहे. माळ्यावरचा बैल विकत घेणारा लाकूड घेऊन जातो. म्हातारीला मात्र कोणी काही विचारीत नाही. मग तो दिवाणखान्यात 'जुना बैल, विदर्भ' एवढ्याच ओळखीवर उभा राहतो. रिसोडचा बैल आणि सिंदीचा बैल यांत फरक होता काय, चाकांचा पाट एका जातीचा की दुसऱ्या, त्याच्या भागांना सुतार कोणत्या नावांनी ओळखीत असे, हे सारे त्या एका शब्दात बुडते.

कायद्याचा उपयोग येथे मर्यादित आहे. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी अधिनियमाप्रमाणे १०० वर्षांहून जुनी अशी कलावस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. पण बैल १०० वर्षांचा आहे हे सांगणार कोण? त्याच्यावर सन कोरलेला नसतो. त्याच्या वयाचा पुरावा दोनच ठिकाणी असतो : घरातल्या आठवणीत आणि रंगात. पोळ्याला बैल पुन्हा रंगविण्याची चाल जेथे आहे तेथे जुन्या रंगावर नवा चढत जातो. आधी काव आणि चुना, मग बाजारी तैलरंग, शेवटी चकाकणारे रोगण. कानामागे व खुरांच्या खाचांत हे थर एकावर एक साचलेले सापडतात. लाकडाचे मूळ पोत दिसावे म्हणून दुकानदार ज्या वेळी ते खरवडून त्यावर पॉलिश चढवितो, त्या वेळी शिंगाच्या बुडाशी उरलेला चिमूटभर रंग तेवढा वाचतो.