धारावीच्या कचरापट्टीवरचा तांबट

सायन-वांद्रे लिंक रोडवरच्या महाराष्ट्र निसर्ग उद्यानात पक्षी बघायला येणाऱ्या मंडळींना मी आधी पायाखालची माती दाखवते. पावसाने वाटेच्या कडा धुपल्या की काचेचे तुकडे, प्लॅस्टिकच्या चिंध्या वर येतात. डोक्यावर एवढी गर्द झाडी असताना, हे 37 एकरांचं रान मुंबईच्या कचऱ्यावर उभं आहे हे नुसतं सांगून कुणाला पटत नाही.

मिठी नदीकाठची ही कचरापट्टी 1970च्या दशकात बंद झाली आणि तिथे रान उभारायचं ठरलं. 1983 साली पक्षीतज्ज्ञ सालिम अलींच्या हस्ते रोप लावून कामाला सुरुवात झाली. त्यांनी पंच्याऐंशी ओलांडली होती. 1987 मध्ये ते गेले. उद्यान लोकांना खुलं झालं 22 एप्रिल 1994 रोजी.

कचऱ्यावर घारी-कावळ्यांची चंगळच असते, त्यांना झाडीची वाट बघावी लागत नाही. तांबटाला लागते. चिमणीहून जरासा मोठा, हिरवा, कपाळावर लाल टिळा असलेला हा पक्षी घरट्यासाठी वाळलेली, आतून भुसभुशीत झालेली फांदी शोधतो आणि चोचीने ठोकून तिच्या खालच्या अंगाला गोल ढोली कोरतो. म्हणजे झाड आधी वाढायला हवं, मग त्याची एखादी फांदी मरायलाही हवी. रोपांच्या रानात हे व्हायला वर्षं जातात. त्याचं ‘टुक टुक’ ऐकू आलं की मी सगळ्यांना थांबवते. त्या आवाजात मला या रानाचं वय ऐकू येतं. शिवाय उंबर-पिंपळाची फळं खाऊन हाच त्यांच्या बिया पेरत हिंडतो, तेव्हा इथलं सगळंच काही माणसाने लावलेलं नाही.

पुढे तिवरांपाशी ओहोटीच्या वेळी चिखलात बगळे दिसतात, खंड्या दिसतो. तिथेच कुणीतरी नाकाला रुमाल लावतं. रान सावरलं, मिठी अजून सावरलेली नाही, आणि ते झाकून पक्षी दाखवणं मला पटत नाही.

निसर्गलेखक मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मदिवसांना जोडून, 5 ते 12 नोव्हेंबर, आपल्याकडे पक्षी सप्ताह असतो. तेव्हा जरूर या. आणि तुमच्या सोसायटीतल्या झाडाची एखादी वाळकी फांदी कुणाच्या डोक्यावर पडण्यासारखी नसेल, तर ती तोडायला लावू नका.