बाबागाडीचं वंगण आणि आपलं एरंडेल

बाबागाडीची चाकं कुरकुरली की वंगण आणतो. पण त्यात चरबी तर नाही ना? हा प्रश्न जुनाच. 1857 साली काडतुसांना गाई-डुकरांची चरबी लावल्याच्या समजातून उठावाची ठिणगी पडली. आपल्याकडे बैलगाडीच्या आसाला मात्र एरंडेल घालत. 1909 मध्ये ‘कॅस्ट्रॉल’ हे नावही एरंडेलाच्या इंग्रजी नावावरूनच पडलं. आजचं लिथियम ग्रीसही बहुधा एरंडेलापासूनच्या आम्लाने घट्ट करतात. काहींत मात्र प्राण्यांची चरबी वापरतात. म्हणून विचारूनच घ्यावं. नुसत्या एरंडेलावर आपल्या विंचूरची धूळ चिकटते. आधी आस पुसा, किंचित ग्रीस लावा, उरलेलं लगेच टिपून घ्या. चाक हलकं फिरेल आणि चिकट वंगणात एखादी मुंगीही अडकणार नाही.